पुण्याचीं गटारें आणि त्यांचे कायदे

[नभोवाणीवरील भाषण]



पुणें शहराच्या इतिहासावर आजवर पुष्कळ व्याख्यानें झालीं आणि पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले. शनिवारवाडा, पर्वती, पेठांची वसाहत, सार्वजनिक सभा, शिक्षणसंस्था, यांपैकीं कोणत्याही विषयावर अधिकारानें बोलणारा विद्वान् या शहरांत हांकेच्या अंतरावर सांपडेल. मी आज ज्या विषयावर बोलणार आहें तो मात्र जमिनीच्या वरचा नसून जमिनीच्या खालचा आहे. तो विषय म्हणजे सार्वजनिक गटारें. आणि त्यांतही, त्या गटारांत कोणीं काय सोडावें व काय सोडूं नये यासंबंधीं वेळोवेळीं झालेले कायदे. विषयाचें नांव ऐकून कांहीं श्रोत्यांनीं नाक मुरडलें असेल. परंतु ज्या नगराचें पाणी कोठून येतें एवढेंच आपणांस ठाऊक आहे आणि तें कोठें व कोणत्या नियमानें जातें हें ठाऊक नाहीं, त्या नगराचा अर्धाच इतिहास आपण शिकलों असें म्हणावें लागेल.

या कायद्यांच्या इतिहासांत मला एक क्रम दिसतो, आणि तोच आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे. कायद्यानें प्रथम काळजी घेतली ती नळाची, नंतर नदीची, आणि सर्वांत शेवटीं त्या नळांत उतरणाऱ्या माणसाची.

आरंभ पेशवाईपासून करूं. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून शहरांत पाणी आणण्यासाठीं झांकलेला दगडी नळ बांधण्यांत आला. त्या नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवलेले होते, गाळ खालीं बसावा अशी योजना होती, आणि शेवटीं तें पाणी पेठापेठांतील हौदांत पडत असे. शहरांत येणाऱ्या पाण्याविषयीं इतकी दक्षता दाखविणाऱ्या त्या काळांत शहरांतून बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठीं मात्र या तोडीची योजना झाली नाहीं. तें काम नागझरी, माणिक नाला आणि आंबिल ओढा यांवर निसर्गानेंच सोंपविलें होतें. न्हाणीचें पाणी परसांतील अळवाला आणि केळीला जाई; उरलेलें रस्त्याच्या कडेनें वाहत ओढ्याला मिळे. कसबा पेठेंत कागदीपुरा होता, तांबट आळी होती. कागद करणाऱ्यास चुना लागे आणि तांबटास आंबट पाणी लागे. परंतु त्यांचें पाणी थोडें आणि ओढा मोठा, अशी ती स्थिति होती.

मैल्याची वाट निराळी होती. तो पाण्यांत पडत नसे. तो टोपलींतून, माणसाच्या डोक्यावरून, गांवाबाहेर जात असे. आणि हें काम जन्मानें एका समाजाच्या माथीं मारलेलें होतें. ही गोष्ट येथें मुद्दाम सांगून ठेवतों, कारण पुढें टोपली गेली व नळ आला तरी त्या समाजाची सुटका झाली नाहीं, हें आपणांस शेवटीं पाहावयाचें आहे.

गटारांसंबंधींचे आपले कायदे पुढें इंग्लंडच्या धर्तीवर झाले. म्हणून क्षणभर तिकडे वळलें पाहिजे. लंडन शहराचीं जुनीं गटारें पावसाच्या पाण्यासाठीं होतीं. घरांतील मैला त्यांत सोडण्यास १८१५ पर्यंत मनाई होती. मैला घराखालच्या खड्ड्यांत सांठे व रात्रीं गाड्यांतून शेतांत जाई. १८१५ सालीं ती मनाई उठली. पुढें १८४८ च्या कायद्यानें तर नव्या घरांची मोरी गटाराला जोडणें सक्तीचें झालें. म्हणजे एके काळीं जो गुन्हा होता तेंच तेहतीस वर्षांनीं कर्तव्य ठरलें! परिणाम असा झाला कीं, शहराचा सारा मैला थेम्स नदींत जाऊं लागला. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीला अशी दुर्गंधि सुटली कीं, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवून टांगावे लागले. त्यानंतरच बॅझलजेट या इंजिनियराला मोठीं भुयारी गटारें बांधण्यास पैसा मिळाला. कायदेकर्त्यांच्या नाकापर्यंत घाण पोंचल्याशिवाय कायद्याला वेग येत नाहीं, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आतां पुन्हां पुण्यास येऊं. पुण्याची म्युनिसिपालिटी १८५७ सालीं स्थापन झाली. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचें धरण पूर्ण झालें आणि शहराला व लष्कराला पूर्वींच्या मानानें विपुल पाणी मिळण्याची सोय झाली. येथें एक साधी गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शहरांत जितकें पाणी आणावें तितकेंच तें मळून बाहेर पडतें. हौदावरून घागर भरून आणणारें घर पाणी जपून वापरी आणि त्याची मोरीही लहान असे. नळ घरांत आला तेव्हां मोरी मोठी झाली. परंतु ती मोरी जेथें जावयाची तें उघडें गटार पूर्वीं होतें तसेंच राहिलें.

१८९६ च्या अखेरीस प्लेग आला. पुण्यांत रँडच्या अंमलाखालीं झालेल्या घरतपासणीची आणि २२ जून १८९७ च्या रात्रीची हकीगत आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती मी सांगत नाहीं. मला सांगावयाची आहे ती मुंबईची एक गोष्ट. प्लेग घाणीच्या वाफांतून पसरतो अशा समजुतीनें तेथील अधिकाऱ्यांनीं समुद्राच्या पाण्यांत कार्बोलिक ॲसिड मिसळून तें गटारांतून सोडविलें. रोगाचें खरें वाहन उंदराच्या अंगावरची पिसू आहे हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं मांडलें, आणि तेंही पुष्कळांस लवकर पटलें नाहीं. तात्पर्य इतकेंच कीं, त्या काळीं गटार हें काय ओतलें तरी गिळून टाकणारें तोंड आहे, अशी अधिकाऱ्यांचीही समजूत होती. मग सामान्य माणसाची असल्यास नवल काय?

पुण्याच्या जुन्या भागांत भुयारी गटारांची योजना १९२८ च्या सुमारास अमलांत आली. पेठांतील मैलापाणी नळांनीं भैरोबा नाल्याजवळ आणावें, तेथून तें पंपांनीं उपसावें आणि पूर्वेकडील शेतीला द्यावें, अशी ती पद्धति होती. टोपलीचे संडास एका दिवसांत गेले नाहींत. अनेक वाड्यांतून ते पुढेंही कित्येक वर्षें टिकून राहिले. तथापि १९२८ हें साल महत्त्वाचें आहे, कारण येथपासून पुण्यांतील प्रत्येक मोरी ही एका मोठ्या सामायिक नळाची शाखा होऊं लागली. तोंवर आपल्या मोरींत काय ओतावें हा ज्याचा त्याचा प्रश्न होता. आतां एकाच्या मोरींतून जें गेलें तें सर्वांच्या नळांतून वाहूं लागलें. कायद्याचा प्रश्न उत्पन्न होतो तो येथें.

आमच्या भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांकडून नद्यांचे उगम आणि संगम पाठ करून घेत असूं. मुठेचा उगम कोठें, मुळेशीं तिचा संगम कोठें, हें पुण्याचा कोणताही मुलगा सांगेल. परंतु त्याच्या घरच्या मोरीचा संगम कोठें होतो हा प्रश्न कोणत्याच क्रमिक पुस्तकांत नसे. म्हणून हा नळ आंतून कसा असतो हें प्रथम थोडक्यांत सांगतों. म्हणजे कायद्याचीं कलमें रुक्ष वाटणार नाहींत.

भुयारी गटाराचा नळ पाण्यानें तुडुंब भरलेला नसतो. तळाशीं मैलापाणी वाहतें आणि वर हवेची पोकळी असते. पाण्याची गति मंद झाली कीं घाण तळाशीं बसते, तिला प्राणवायु मिळत नाहीं आणि ती सडूं लागते. त्या सडण्यांतून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु निघतो. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो याचाच. हा वायु नळाच्या ओलसर छतावर चढला म्हणजे तेथील सूक्ष्म जंतु त्याचें गंधकाम्ल बनवितात, आणि तें आम्ल सिमेंटचा नळ वरून खाऊं लागतें. म्हणून पुष्कळदां नळ तळाशीं धड असून माथ्यावर पोखरलेला आढळतो. पाणी ऊन असेल तर सडण्याची क्रिया अधिक जलद होते. चरबी थंड झाली म्हणजे नळाच्या अंगाला चिकटून त्याची वाट अरुंद करते. पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव आंत गेला तर वरच्या पोकळींत त्याची वाफ सांठते आणि एका ठिणगीनें रस्ताच्या रस्ता उडतो. मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरांत २२ एप्रिल १९९२ रोजीं नेमकें हेंच झालें. गटारांत झिरपलेल्या पेट्रोलच्या वाफेनें मैलोगणती रस्ते उखडले आणि दोनशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे इंग्लंडच्या १८९० च्या कायद्याचा अर्थ सहज उमगतो. त्या कायद्यानें सांगितलें कीं, प्रवाहाला अडथळा करील किंवा नळाला इजा करील असा पदार्थ गटारांत टाकूं नये. आणि उपद्रव होईल अगर आरोग्यास अपाय होईल अशीं रासायनिक द्रव्यें, टाकाऊ वाफ किंवा ११० अंश फॅरनहाइटहून अधिक ऊन पाणी त्यांत सोडूं नये. १९३७ सालीं तेथेंच दुसरा कायदा झाला. कारखानदारानें आपलें सांडपाणी गटारांत सोडण्यापूर्वीं दोन महिने आगाऊ नोटीस द्यावी, त्यांत पाण्याचें स्वरूप व प्रमाण सांगावें, आणि गटाराच्या धन्यानें योग्य त्या अटी घालून परवानगी द्यावी, असें त्यानें ठरविलें. या कायद्याचें मर्म असें आहे: गटार वापरण्याचा कारखानदाराचा हक्क तो मान्य करतो, परंतु हक्काबरोबर अट घालतो.

पुणें शहराचा कारभार प्रथम १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें आणि मग १९२५ च्या बरो कायद्यानें चालत असे. पुढें १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा झाला, आणि १५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुणें महानगरपालिका अस्तित्वांत आली. या १९४९ च्या कायद्यानें घरगुती मैलापाणी आणि धंद्यांतून निघणारें सांडपाणी यांत स्पष्ट भेद केला. कारखान्याच्या पाण्यास स्वतंत्र नांव दिलें, त्याची व्याख्या केली, आणि तें पालिकेच्या गटारांत सोडावयाचें तर आयुक्ताची संमति किंवा नियमांची अनुज्ञा पाहिजे असें ठरविलें. येथपर्यंतच्या कायद्यांचा रोख पाहिला तर तो मुख्यत्वें नळावर आहे. नळ तुंबूं नये, फुटूं नये, त्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांस उपद्रव होऊं नये, ही त्यांची चिंता. नळ सार्वजनिक पैशानें बांधलेला, त्याची नासाडी एकानें करावी आणि भुर्दंड सर्वांनीं सोसावा हें न्याय्य नव्हे, हा विचार त्यांच्या मुळाशीं आहे, आणि तो उत्तमच आहे.

परंतु स्वातंत्र्योत्तर काळांत पुण्याचें रूप पालटलें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या बाजूला यंत्रांचे, मोटारींचे, औषधांचे कारखाने व त्यांना माल पुरविणारीं लहान लहान मुलामा-घरें उभीं राहिलीं. मुलामा देण्यासाठीं सायनाइड लागतें, क्रोमियम लागतें, आम्लें लागतात. सायनाइडच्या पाण्यांत आम्ल मिसळलें तर जीवघेणा वायु निघतो. तांबट आळीच्या आंबट पाण्याचा हिशेब येथें लागू पडेना. पूर्वीं ओढा मोठा व पाणी थोडें होतें. आतां तो न्याय उलटा झाला.

याच काळांत कायद्याचें लक्ष नळाकडून नदीकडे वळलें. महाराष्ट्रानें १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि त्याअन्वयें ७ सप्टेंबर १९७० रोजीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलें. केंद्र सरकारचा कायदा त्यानंतर १९७४ सालीं आला. त्या केंद्रीय कायद्यांतील एक बारकावा मोठा बोधप्रद आहे. विषारी व घाणेरडे पदार्थ ओढ्यांत, नदींत किंवा विहिरींत सोडूं नयेत असें त्याचें मूळ कलम होतें. त्यांत गटाराचा उल्लेखच नव्हता. १९८८ च्या दुरुस्तीनें गटार आणि जमीन हे शब्द त्यांत घालण्यांत आले. म्हणजे नदींत उघडपणें विष सोडणें गुन्हा आहे, पण गटारांतून हळूच सोडलें तरी तें शेवटीं नदींतच जातें, ही गोष्ट कायद्याच्या अक्षरांत उतरण्यास चौदा वर्षें लागलीं.

पुढें १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालीं १९९३ सालीं देशभरासाठीं सर्वसाधारण मर्यादा जाहीर झाल्या. त्यांतील कांहीं आंकडे ऐकण्यासारखे आहेत. पाण्यांतील घाण कुजवितांना जंतु जो प्राणवायु खातात त्यावरून त्या घाणीचें माप काढतात. नदींत सोडावयाच्या पाण्यासाठीं हें माप एका लिटरमागें ३० मिलिग्रॅम ठरविलें आहे, तर सार्वजनिक गटारांत सोडावयाच्या पाण्यासाठीं तें ३५० आहे. तरंगत्या गाळासाठीं नदीस १०० आणि गटारास ६००. तेल व चरबीसाठीं नदीस १० आणि गटारास २०. सायनाइडसाठीं नदीस दोन-दशांश मिलिग्रॅम आणि गटारास २. शिशासाठीं नदीस एक-दशांश आणि गटारास १.

गटाराला ही सवलत कां? कारण असें गृहीत धरलें आहे कीं, गटाराच्या शेवटीं शुद्धीकरणाचें केंद्र आहे आणि राहिलेली घाण तेथें काढली जाईल. हें शुद्धीकरण मुख्यतः जंतूंकडून होतें. १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न आणि लॉकेट यांनीं दाखवून दिलें कीं, मैलापाण्यांत हवा घोळवीत राहिलें आणि खालीं बसलेला जिवंत गाळ पुन्हां पुन्हां वापरला, तर त्यांतील जंतु कांहीं तासांतच घाण खाऊन टाकतात. त्यांच्या पाठीशीं असलेले गिल्बर्ट फाउलर हे पुढें बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्राध्यापक होऊन आले होते. हे जंतु म्हणजे शहराचे न दिसणारे नोकर होत. त्यांना अन्न चालतें, विष चालत नाहीं. सायनाइडचा किंवा तीव्र आम्लाचा एक लोट आला तर ते मरतात, आणि नवे वाढून कामाला लागेपर्यंत शहराचा मैला जवळजवळ तसाच नदींत जातो. शिसें व क्रोमियम यांसारखे धातु तर जंतु खाऊंच शकत नाहींत. ते एक तर पाण्याबरोबर नदींत जातात किंवा गाळांत राहतात. आणि तोच गाळ खत म्हणून शेतांत गेला तर अन्नांतून आपल्याच ताटांत परत येतात. म्हणून गटारास दिलेली सवलत ही विषाला दिलेली सूट समजूं नये. ती पुढच्या कामाच्या भरंवशावर दिलेली उसनवारी आहे.

तो भरंवसा पुण्यांत कितपत खरा ठरला? नायडू रुग्णालयाजवळ, भैरोबा नाल्यावर, एरंडवणें, बोपोडी, तानाजीवाडी, विठ्ठलवाडी, मुंढवें, खराडी, बाणेर अशा ठिकाणीं पालिकेनें शुद्धीकरण केंद्रें उभारलीं. त्यांची एकूण क्षमता दररोज ४७७ दशलक्ष लिटर होती. शहराच्या वाढीला ती पुरेना, म्हणून २०१६ सालीं जपानच्या कर्जसाहाय्यानें आणखी ११ केंद्रांची, ३९६ दशलक्ष लिटरांची, योजना मंजूर झाली. दरम्यान केंद्रीय मंडळानें २०१८ सालीं देशांतील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांतले होते, आणि त्यांत मुळा-मुठेचें नांव होतें. उसनवारी फेडली गेली नाहीं, एवढाच याचा अर्थ.

रुग्णालयांच्या पाण्यासाठीं १९९८ सालीं जे नियम झाले त्यांतील एक कसोटी मला फार आवडते. ज्या रुग्णालयाच्या गटाराच्या शेवटीं शुद्धीकरण केंद्र नाहीं, त्याच्या सांडपाण्यांत मासे सोडावे आणि ९६ तासांनंतर शंभरांतील निदान ९० जिवंत असले पाहिजेत, असा तो नियम आहे. तेथें आंकड्याला आणि रसायनाला ओलांडून कायदा जिवंत प्राण्याकडे वळतो. मासा खोटी साक्ष देत नाहीं.

आणि आतां शेवटचा, परंतु खरें म्हणजे पहिला असावयास हवा होता असा भाग. नळाची काळजी झाली, नदीची झाली, माशाचीही झाली. त्या नळांत उतरणाऱ्या माणसाचें काय? नळ तुंबला म्हणजे झांकण काढून दोरीनें आंत उतरणारा मनुष्य बहुधा त्याच समाजांतला होता, ज्याच्या डोक्यावर पूर्वीं टोपली होती. ज्या वायूचा मीं मघाशीं उल्लेख केला तो हवेहून जड असल्यामुळें खड्ड्याच्या तळाशीं बसून राहतो. त्याची फसवणूक अशी कीं, थोडा असतांना त्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांवर गेला कीं नाक बधिर होतें आणि वास नाहींसा होतो. खालच्या माणसाला वाटतें, धोका टळला. आणि हजार भागांवर तर एकदोन श्वासांतच तो कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा घटनांत एकाच्या मागें दोन, तीन माणसें गेल्याचें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, आणि पान उलटतों.

हातानें मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ सालीं झाला; त्याचा रोख टोपलीच्या संडासांवर होता. संरक्षक साधनांशिवाय गटारांत अगर मैल्याच्या टाकींत माणूस उतरविणें गुन्हा ठरविणारा कायदा २०१३ सालीं आला. २७ मार्च २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा मृत्यु झाल्यास कुटुंबास १० लाख रुपये देण्याची आज्ञा केली, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजीं ती रक्कम ३० लाख केली. इंग्लंडच्या नळाला १८९० सालीं संरक्षण मिळालें. आमच्या माणसाला तें मिळण्यास आणखी एकशें तेवीस वर्षें लागलीं. नळाचा धनी श्रीमंत होता आणि नळांत उतरणारा गरीब होता, याशिवाय या क्रमाला मला दुसरें कारण दिसत नाहीं.

येथें सुशिक्षित श्रोता म्हणेल, हा सारा कारखान्यांचा आणि पालिकेचा मामला. आमच्या घराचा यांत काय संबंध? संबंध असा कीं, कारखान्याच्या मोरीवर निरीक्षक येऊं शकतो, नमुना घेऊं शकतो, खटला भरूं शकतो. घराच्या मोरीवर असा कोणी येत नाहीं, आणि येऊंही शकणार नाहीं. तळणीचें उरलेलें तेल मोरींत ओतणारी गृहिणी, चिंध्या व प्लॅस्टिक संडासांत टाकणारें बिऱ्हाड, आणि पावसाळ्यांत गच्चीच्या पाण्याचा नळ मैल्याच्या नळाला जोडणारा घरमालक, यांना कोणीही विचारीत नाहीं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत २०१७ सालीं गटारांतून चरबी व चिंध्यांचा एक गोळा सांपडला. तो २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. तो कोणत्या एका कारखान्यानें केलेला नव्हता. हजारों स्वयंपाकघरांनीं मिळून केलेला होता. तो फोडण्यासही माणसेंच खालीं उतरलीं.

उपाय कठीण नाहींत. तळणीचें तेल पुसून कचऱ्यांत टाकावें. उष्टें-खरकटें गाळून मगच भांडीं धुवावींत. बाळंतपणाचे, आजारपणाचे व स्त्रियांच्या वापराचे कपडे आणि पट्ट्या कागदांत नीट गुंडाळून वेगळ्या द्याव्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांतही तेंच सांगितलें होतें. रंग, कीटकनाशक, जुनें औषध, विजेच्या घटांतलें आम्ल यांतलें कांहींही मोरींत ओतूं नये. संडास धुण्याचें आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधींच करूं नये; त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि तो नळांतल्या माणसाअगोदर घरांतल्याच माणसाला बाधतो.

शेवटीं मोरीच्या संगमाचा तो प्रश्न पुरा करतों. सदाशिव पेठेंतील एका घराच्या मोरींतलें पाणी मुठेला मिळतें, मुठा मुळेला मिळते, आणि मुळा-मुठा पुढें भीमेंत जाते. कांहीं पाणी मुंढव्यास उचलून कालव्यानें हवेली-दौंडच्या शेतांना दिलें जातें. भीमेवर उजनीचें धरण आहे, तें १९८० सालीं पूर्ण झालें. सोलापूर शहर त्याचें पाणी पितें. उजनीच्याही खालीं पंढरपूर आहे. आषाढीला लक्षावधि वारकरी जिच्यांत स्नान करतात ती चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. पुण्यांतून पालख्या निघतात तेव्हां आपण रस्त्यावर उभे राहून वारकऱ्यांच्या पायांवर पाणी घालतों. त्याच दिवशीं आपल्या मोरींतून निघालेलें पाणीही त्याच गांवाची वाट धरतें. तें कशा स्थितींत तेथें पोंचावें, हें ठरविण्याचा अधिकार कायद्यानें आयुक्ताला दिला आहे, मंडळाला दिला आहे. परंतु त्याचा पहिला भाग प्रत्येक घराच्या हातीं आहे.